नागपूरच्या उन्हात ‘ड’ कमी, म्हणून ऑटिझम?

रिपोर्टवर आकडा होता ९. चाचणी ‘२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’, मोजमाप नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, पेशंटचं वय पाच वर्षं. बाराच्या खाली म्हणजे कमतरता, वीसच्या वर म्हणजे पुरेसं, असा आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांचा हिशेब आहे; नऊमध्ये वादाला जागाच नाही. मुलाला ऑटिझम आहे हे घरात आधीपासून माहीत होतं. नवीन होतं ते एवढंच, की या दोन गोष्टींची कुणीतरी गाठ मारली. आणि ते कुणीतरी म्हणजे घरातले सगळ्यात शिकलेले काका.

काका भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. पुतणी, म्हणजे या मुलाची आई, धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, म्हणजे हीच चाचणी रोज हाताखालून जाणारी. डिसेंबरचे दिवस, हिवाळी अधिवेशनामुळे अर्धे रस्ते बंद, त्यामुळे मी जेवायला गेलो तो दुपारभर तिथंच अडकलो आणि दोघांचं जुंपलेलं ऐकत बसलो. नावं द्यायची नाहीत या अटीवर लिहितोय. एरवी अशा घरांत आई उपाय शोधत असते आणि जाणता माणूस तिला थोपवतो. इथं उपायाच्या मागे काका होते, आणि थोपवत होती आई.

काका : तू चिडू नको बेटा, आधी पूर्ण ऐकून घे. २००८ मध्ये जॉन कॅनेल नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं हे पहिल्यांदा ठासून मांडलं. डॉक्टर लोकांना उन्हापासून लांब राहायला सांगू लागले आणि त्याच वर्षांत ऑटिझमचे आकडे चढत गेले, असं त्याचं म्हणणं.

ती : त्याच वर्षांत बाटलीबंद पाणीही वाढलं, केबलही आली. आणि निदान करणारे डॉक्टरही वाढले, काका. आधी अशा पोरांना ‘खुळं’ म्हणून सोडून देत होते.

काका : मान्य. पण ‘ड’ हे नावालाच जीवनसत्त्व आहे, कामानं ते हार्मोन. मेंदूत त्याचे रिसेप्टर सापडले आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये उंदरांच्या माद्यांना गरोदरपणी ‘ड’ मिळू दिलं नाही, तर पिल्लांच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या निघाल्या. २०१४ मध्ये ऱ्होंडा पॅट्रिक आणि ब्रूस एम्स यांनी मांडलं, की मेंदूत सेरोटोनिन तयार होण्याची एक कळ ‘ड’ च्या हातात असते. हे काही व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान नाही.

ती : व्हॉट्सअ‍ॅपवरचं नाही, पण उंदराला ऑटिझम आहे की नाही हे त्याला कोण विचारणार?

काका हसले, पण मागे हटले नाहीत. माणूस भूगोलाचा, त्यामुळे आता नकाशा आला.

काका : बरं, उंदीर सोड. माणसांकडे ये. सोमालियातून लोक स्वीडनला गेले. विषुववृत्तावरचे लोक, सावळी कातडी, तिथं एकदम ५९ अंश उत्तर अक्षांश. २००८ मध्ये स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी नोंदवलं, की सोमाली आईबापांच्या मुलांत ऑटिझम जास्त दिसून राहिला. त्या आया त्याला ‘स्वीडनचा आजार’ म्हणायच्या. मायदेशी असताना अशी मुलं पाहिलीच नव्हती म्हणे. गडद त्वचा, तिरपं ऊन, अंगभर कपडे, आणि आईच्या रक्तात ‘ड’ नाही. मला सांग, हा भूगोल नाही तर काय आहे?

ती : मग मिनियापोलिसचंही सांगा ना. तिथंही सोमाली वस्ती मोठी, तिथंही हीच ओरड झाली. २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठानं नीट मोजदाद केली, तर सोमाली मुलांत बत्तीसला एक आणि गोऱ्या मुलांत छत्तीसला एक. म्हणजे जवळपास सारखंच. फरक निघाला तो वेगळाच : सोमाली मुलांत ऑटिझमसोबत बौद्धिक अक्षमता जास्त होती. आणि तुमच्या अक्षांशाचा नियम खरा असता तर आपल्याकडे हा प्रश्न नसायलाच पाहिजे होता. भारतात पाच ठिकाणी घरोघर जाऊन मुलं तपासली, त्यात उत्तर गोवाही होतं. २०१८ मध्ये ते छापून आलं. ऑटिझम शंभरात एकाच्या आसपास. गोव्यात ऊन कमी आहे का? आणि नागपुरात? मे महिन्यात पारा ४७ ला जातो इथं!

काकांना नेमका हाच प्रश्न हवा होता. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारामागची जाळे काढायची काठी घेतली आणि आम्हाला अंगणात घेऊन गेले. बारा वाजून दहा-एक मिनिटं झाली होती. नागपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला, ७९ अंश रेखांशावर, म्हणून इथली मध्यान्ह घड्याळातल्या बाराला नाही तर सव्वाबाराच्या आसपास होते, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. काठी फरशीवर उभी धरली, पुतणीला खडूनं सावलीच्या टोकाशी रेघ मारायला लावली, आणि मग तीच काठी सावलीवर आडवी ठेवली. काठी आणि सावली, दोन्ही जवळजवळ एकाच लांबीच्या.

काका : हा वर्षातला सगळ्यात लहान दिवसांचा काळ. नागपूर २१ अंशांवर आहे, म्हणून आजसुद्धा भरदुपारी सूर्य ४५ अंश वर आहे. कातडीत ‘ड’ तयार व्हायला अतिनील-ब किरण लागतात, आणि ढोबळ नियम असा, की तुमची सावली तुमच्याएवढी किंवा तुमच्यापेक्षा आखूड असेल तरच ते पुरेसे खाली पोचतात. स्टॉकहोमला आज सूर्य क्षितिजापासून कसाबसा सात अंश वर येतो. तिथं महिनोन्महिने कातडीत ‘ड’ तयारच होत नाही. आपल्याकडे असा एकही दिवस नाही. आणि सव्वीस मेच्या सुमारास तर इथं शून्य सावली, सूर्य थेट डोक्यावर.

ती : तेच तर मी म्हणून राहिली!

काका : नाही, तू अर्धंच म्हणून राहिलीस. ऊन आहे, पण आपण त्या उन्हात आहोत का? सव्वीस मेला नवतपा चालू असतो, कडक उन्हाचे नऊ दिवस. त्या उन्हात कोण बाहेर निघतं? बायका गाडीवर निघाल्या तरी डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात. दारं बंद, कुलर चालू. मग हिवाळा येतो, आणि हिवाळ्यात आपण सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसतो. तेव्हाची सावली बघ, झाडाएवढी लांब असते. ते ऊन ऊब देतं, ‘ड’ जवळपास देत नाही.

ती : म्हणजे बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवायचं, ते सगळं फुकट?

काका : तेल चोळणं फुकट नाही. पण ‘ड’ साठी वेळ चुकली. हिशेब कर : डिसेंबरात बारा-साडेबारा, मे महिन्यात सकाळी नऊ. मे मध्ये नऊलाच सावली उंचीएवढी झालेली असते आणि लू अजून सुटलेली नसते.

हा हिशेब मी घरी येऊन कागदावर करून पाहिला. बरोबर आहे. या सगळ्या वादातून नागपूरकरानं एकच गोष्ट उचलायची असेल तर मी ही उचलीन, ऑटिझम बाजूला ठेवून.

काकांच्या बाजूनं अजून एक सांगितलं पाहिजे, कारण ते त्यांनी सांगितलं नाही. उन्हाच्या देशात ‘ड’ कमी हे कोडं नुसतं नागपूरचं नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या चौदा टक्के मुलांत, शाळकरी वयाच्या अठरा टक्के आणि किशोरवयीनांपैकी चोवीस टक्के मुलांत ही कमतरता निघाली. वय वाढतं तशी कमतरता वाढते, म्हणजे मूल जसजसं शाळा-शिकवणीत जातं तसतसं. २००२ मध्ये दिल्लीतल्या प्रदूषित वस्तीतल्या आणि मोकळ्या हवेतल्या बाळांची तुलना झाली, तेव्हा धुरकट आभाळाखालच्या बाळांच्या रक्तात ‘ड’ स्पष्ट कमी होतं. पुण्यात डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी मुलांची हाडं आणि ‘ड’ या विषयावर वर्षानुवर्षं काम करत आहेत. कमतरता खरी आहे. तिचा ऑटिझमशी संबंध किती, हे पुढचं.

आम्ही आत आलो. मुलगा दिवाणखान्यात सोफ्याच्या त्या टोकाला बसला होता जिथं खिडकीतून ऊन पडतं. पूर्ण बाह्यांचा स्वेटर, पायात मोजे. स्टीलच्या डब्यांची झाकणं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावलेली. मधलं एक झाकण मी सरकवलं, ते त्यानं माझ्याकडे न बघता जागेवर आणलं.

ती : हा रोज सकाळभर उन्हातच बसतो, असं मी डॉक्टरांना सांगत होते.

काका : काचेआड. काचेतून अतिनील-ब जवळपास येतच नाही.

ती : तेच सांगते मी आता. हा काचेआड का बसतो? बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजतो म्हणून. पूर्ण बाह्या का? कोपरावर वारा लागलेला सहन होत नाही म्हणून. आणि खातो काय? पांढरा भात, पोळीचा आतला पापुद्रा, पारले-जी. अंडं नाही, दूध नाही, मासे तर आपल्या घरात येतच नाहीत. याच्या रक्तात ‘ड’ नऊ नसतं तर मला नवल वाटलं असतं! काका, तुम्ही म्हणता ‘ड’ कमी म्हणून ऑटिझम. मला रोज घरात दिसतं ते उलटं आहे : ऑटिझम, म्हणून ‘ड’ कमी.

यावर काका काही बोलले नाहीत. माझ्या मते पूर्ण दुपारभरातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा होता, आणि तो कोणत्याही जर्नलमधून आलेला नव्हता. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आणि इतर मुलांच्या रक्ताची तुलना करणारे जे कित्येक अभ्यास झाले, त्यांत ऑटिझमवाल्या मुलांत ‘ड’ कमी निघतं हे खरं. पण निदान झाल्यावर घेतलेलं रक्त आधी काय घडलं ते सांगू शकत नाही.

काका : ठीक. मग देऊन बघू. कारण काही असो, दिल्यावर सुधारणा झाली की झालं. इजिप्तमध्ये असिउतला प्रयोग झाला, शंभरावर मुलं, चार महिने ‘ड’ चे थेंब. वागणुकीत सुधारणा दिसली. २०१६ ची गोष्ट.

ती : आणि २०१९ मध्ये तो लेख जर्नलनं मागे घेतला. तुम्ही वाचला ना मोबाईलवर? वर लाल अक्षरांत लिहिलेलं राहते. खाली सरकवताना सुटलं असेल.

काका : मागे घेतला म्हणजे?

ती : म्हणजे तो पुरावा म्हणून वापरता येत नाही, एवढं समजा. आयर्लंडमध्येही झाला असाच प्रयोग, अडतीस मुलांवर, रोज दोन हजार युनिट, वीस आठवडे. रक्तातलं ‘ड’ मस्त वाढलं. ज्या लक्षणांसाठी दिलं ती होती तिथंच. मुलं थोडी होती, मान्य. पण आशा विकायची असेल तर निदान एवढ्या प्रयोगातून तरी ती दिसायला पाहिजे होती.

काकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी त्यांचं सगळ्यात मजबूत पान टाकलं, आणि ते खरंच मजबूत आहे.

काका : मुलाला नाही तर आईला. गरोदरपणी. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन कागदावर वाळवून जपून ठेवतात. गेल्या काही वर्षांत त्यांनी सत्तर हजारांहून जास्त लोकांचे असे जुने थेंब काढून त्यातलं ‘ड’ मोजलं. २०२५ मध्ये छापून आलं. जन्मतः ज्यांच्यात ‘ड’ कमी, त्यांच्यात पुढे एडीएचडी, स्किझोफ्रेनिया आणि ऑटिझम जास्त. इथं तुझा ‘उलटा बाण’ चालत नाही. जन्मलेलं बाळ काचेआड बसत नाही आणि पारले-जी मागत नाही.

ती : (थोडं थांबून) नाही चालत. हे मी मानते. रॉटरडॅमलाही असंच निघालं होतं, आईच्या रक्तात विसाव्या आठवड्यात ‘ड’ कमी तर मुलात ऑटिझमची लक्षणं जास्त. पण डेन्मार्कचंच दुसरं काम आहे. २०१० च्या आसपास सहाशेच्या वर गरोदर बायका घेतल्या. अर्ध्यांना नेहमीचे चारशे युनिट, अर्ध्यांना रोज अठ्ठावीसशे. ती मुलं दहा वर्षांची झाली तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी तपासली. गोळीनं ऑटिझममध्ये फरक पडला नाही. पण गोळी सुरू व्हायच्या आधी जिच्या रक्तात ‘ड’ जास्त होतं, तिच्या मुलांत लक्षणं कमी.

काका : म्हणजे माझंच खरं!

ती : नाही ना. जी बाई आधीच बाहेर फिरते, चांगलं खाते, वजन बरं आहे, तब्येत धड आहे, तिच्या रक्तात ‘ड’ असणारच. ‘ड’ हे तिच्या तब्येतीची खूण असेल, कारण नसेल. कारण असतं तर गोळीनं फरक दिसला असता.

काका : पण गोळी चोविसाव्या आठवड्यात सुरू झाली. मेंदूची पायाभरणी तोवर होऊन गेलेली असते. उशीर झाला असेल!

ती : असेल. ‘असेल’वरच आहे सगळं.

दोघंही एकाच कागदाची दोन टोकं धरून ओढत होते आणि कागद कुणाच्याच हातात येत नव्हता. या विषयाचा आजचा मुक्काम खरोखर इथंच आहे. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाख मुलांचा अभ्यास झाला, त्यात ऑटिझमच्या जोखमीतला ऐंशी टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. उरलेल्या जागेत आईबापांचं वय, मुदतीआधीचं बाळंतपण, फिटवरच्या व्हॅलप्रोएटसारखी गरोदरपणी घेतलेली औषधं, असं बरंच काही दाटीवाटीनं बसलंय. ‘ड’ ला तिथं एखादा कोपरा मिळेलही.

काका : मग एवढा राग कशाचा येतो तुला? मी काही अंगारा आणून नाही राहिलो. स्वस्त गोळी आहे.

इथं तिनं हातातली वाटी खाली ठेवली.

ती : सांगू? हा पोटात होता तेव्हा मला सातवा महिना मे मध्ये लागला. सासूबाई म्हणाल्या, उन्हात पाय टाकायचा नाही. डॉक्टर म्हणाल्या, दुपारी निघू नका. तुम्हीसुद्धा फोन करून म्हणाले होते, नवतप्यात बाहेर जाऊ नको बेटा. मी घरात बसली. आणि आता तुम्हीच अंगणात काठी धरून दाखवता, की तेव्हा बाहेर गेली असती तर. तुम्ही तसं म्हणत नाही, माहीत आहे मला. पण गरोदरपणीचं ‘ड’ म्हटलं की शेवटी बोट माझ्याकडेच येतं ना?

काका : अगं, मी...

ती : पहिल्यांदा नाही होत हे. लिओ कॅनरनं १९४३ मध्ये ऑटिझमचं वर्णन केलं, आणि थोड्याच वर्षांत ही मुलं थंड, प्रेम न करणाऱ्या आयांमुळे अशी होतात असं सुरू झालं. ब्रूनो बेटलहाइमनं १९६७ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. किती आयांनी ते खरं मानून जन्म काढला असेल? मग १९९८ मध्ये वेकफिल्ड आला, लसीमुळे होतं म्हणून. म्हणजे लस देणारी आई दोषी. बारा वर्षांनी ‘लॅन्सेट’नं तो लेख मागे घेतला. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी सांगितलं, गरोदरपणी पॅरासिटामॉल घेऊ नका. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एक बाई मला रडत विचारत होती, मी क्रोसिन घेतली होती हो ताई. आता ‘ड’. दर वेळी विज्ञान वेगळं असतं, काका. आरोपी तीच.

मला वाटतं, हे काकांना प्रथमच दिसलं. माणूस अभ्यासू, पण अभ्यास कुणाच्या अंगावर जाऊन पडतो हे त्यांनी पाहिलं नव्हतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग जे बोलले ते मला आवडलं.

काका : मग काय करायचं? दोष तुझ्यावर येतो म्हणून संशोधनच करायचं नाही?

ती : करायचं की. डेन्मार्कवाल्यांनी खुशाल करावं. पण घरी ‘करून बघू’ म्हणता ना, त्याची मला भीती वाटते. १९९८ मध्ये सिक्रेटिन नावाच्या हार्मोनचं असंच झालं होतं. एका मुलाला पोटाच्या तपासणीसाठी दिलं आणि तो बोलायला लागला म्हणे. हजारो आईबाप रांगेत. पुढच्याच वर्षी साठ मुलांवर नीट प्रयोग केला, अर्ध्यांना सिक्रेटिन, अर्ध्यांना नुसतं खारं पाणी. सुधारणा दोन्हीकडे दिसली, सारखीच. आणि हे कळल्यावरही बहुतेक आईबापांना ते औषध हवंच होतं. मीही तीच आई आहे, काका. उद्यापासून ‘ड’ सुरू केलं आणि परवा यानं माझ्याकडे बघितलं, तर मी ते ‘ड’ च्याच खात्यात टाकीन. वर्षभर स्पीच थेरपीला नेऊन राहिली त्याच्या नाही.

काका : पण अपाय तर नाही ना?

ती : नाही कसा? आमच्याकडे येतात ना पेशंट. साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची, ती रोज घेतलेले. कॅल्शियम वर गेलेलं, उलट्या, किडनीवर ताण. आणि मोठा डोस एकदम द्यायचा म्हणून सहा लाखांचं इंजेक्शन देणारेही आहेत. पुढे जाऊन स्टेम सेलवाले आहेत. ऑटिझमसाठी ते करू नका असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं, तरी लोक शेत विकून जात होते. ‘अपाय नाही’ची पहिली पायरी चढली की माणूस जिन्यावर असतो.

एवढं बोलून तिनंच सूर खाली आणला.

ती : आणि ‘ड’ मी देणारच आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय, मोजून देणार, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार. पण हाडांसाठी. ऑटिझम असलेल्या मुलांची हाडं पातळ असू शकतात, २००८ मध्ये अमेरिकेत मुलांच्या हातांचे एक्सरे काढून हे दाखवलं होतं. अशी निवडक खाणारी मुलं मुडदूस होऊन दवाखान्यात येतात. कितीतरींना फिट येतात, आणि फिटची काही जुनी औषधं ‘ड’ अजून खाली नेतात. हे एवढं कारण पुरेसं नाही का? ‘ड’ ला ऑटिझमची शिफारस कशाला लागते?

काका : पालघरचं आठवतं का तुला? फेब्रुवारी २०१३, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तिथून सुरू झाला. अंगणवाडीत, शाळेत जाऊन मुलं तपासायची. मी त्या यादीकडे बघत होतो काल. तीस आजारांच्या त्या एकाच यादीत मुडदूसही आहे आणि ऑटिझमही.

ती : एका यादीत आहेत, एका रकान्यात नाहीत.

काका आता हसले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. महापालिकेच्या आरोग्य विभागाला लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा. मुद्दे चांगले होते : शाळांची मधली सुट्टी हिवाळ्यात बाराला, मैदानात, अंगणवाडीत येणाऱ्या गरोदर बायकांना मे महिन्यात सकाळी नऊला अंगणात बसायला सावली-उन्हाची सोय. शेवटी एक वाक्य होतं, की यामुळे ऑटिझमचं प्रमाण कमी होण्याची शक्यता आहे. तिनं बॉलपेन घेऊन आधी एक मुद्दा वाढवला.

ती : हे घाला. गरोदर बाईला सरकारी कॅल्शियमची गोळी चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा मिळायला हवी, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. त्या प्रत्येक गोळीत ‘ड’ चे अडीचशे युनिट असतातच. म्हणजे रोजचे पाचशे, योजनेतच आहेत. नवीन काही मागायचं नाही. गोळ्या वेळेवर पोचतात का, आणि लोहाच्या गोळीसोबत एकदम घेऊ नका हे बायकांना कुणी सांगतं का, एवढंच विचारा.

काका : हे मला माहीत नव्हतं.

ती : आणि शेवटचं वाक्य काढा.

काका : प्रश्न म्हणून ठेवू? ‘ऑटिझमशी काही संबंध असू शकतो का?’ असं?

ती : प्रश्न कोपनहेगनला विचारा. महापालिकेकडे गोळ्या मागा.

काकांनी वाक्य खोडलं. मग पेन्सिलनं समासात पुन्हा लिहिलं, लहान अक्षरात, आणि पुढे कंसात ‘नंतर बघू’. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, टाईप करताना समासातलं येत नसते काका.